आवाजामागची तार : वाहनातील ध्वनियंत्रणा आणि तिचा वीजपुरवठा

मोटारीत किंवा ट्रॅक्टरवर मोठी ध्वनियंत्रणा बसवताना ग्राहकाचे लक्ष स्वाभाविकपणे स्पीकरचा आकार, अँप्लिफायरवर छापलेले वॅट आणि डेकवरील दिवे यांच्याकडे असते. परंतु त्या यंत्रणेचा आवाज किती स्वच्छ येणार, बॅटरी किती दिवस टिकणार आणि वाहन सुरक्षित राहणार की नाही, हे बोनेटखाली आणि गालिच्याखाली दडलेल्या तारा, फ्यूज आणि अर्थिंग या तीन गोष्टींवर ठरते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनाचे वायरिंग त्याच्या मूळ गरजेपुरतेच आखलेले असते. दिवे, हॉर्न, स्टार्टर, वायपर, पंखा आणि मूळचा लहानसा रेडिओ यांचा हिशेब धरून तारांची जाडी ठरवली जाते, आणि त्या हिशेबात शेकडो वॅटच्या अँप्लिफायरला जागा नसते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ हौशी मोटारमालकांपुरता मर्यादित नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. पुढे राहाता, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा अशा तालुक्यांत कारखानदारी पसरली आणि ऊसवाहतूक हा हजारो कुटुंबांचा हंगामी व्यवसाय झाला. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होऊ लागले की एमएच १६ आणि एमएच १७ या क्रमांकांचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली जोडून रस्त्यावर येतात, आणि फडात, रस्त्यावर व कारखान्याच्या गव्हाणीसमोरील रांगेत रात्रीच्या रात्री काढणाऱ्या चालकासाठी टेप व स्पीकर ही जागे राहण्याची सोबत ठरते. हळूहळू त्या टेपच्या जागी अँप्लिफायर आणि बेसचे मोठे खोके आले. मात्र त्यांना वीज पुरवणारी तार पुष्कळदा जुन्या टेपचीच राहिली.

याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरालगत वाहननगर येथे, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहनविषयक संशोधन संस्था आहे. नव्या वाहनाचा नमुना तपासून तो नियमांना धरून आहे की नाही हे प्रमाणित करणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये नमूद आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयप्रमाणे व्हीआरडीईचाही समावेश होतो. म्हणजे विक्रीस येण्यापूर्वी वाहनाचा नमुना अशा संस्थेपुढे तपासणीसाठी जातो. उलट बाजारातून नंतर बसवलेल्या ध्वनियंत्रणेच्या जोडणीला अशी कोणतीही कसोटी द्यावी लागत नाही. ती जबाबदारी पूर्णतः वाहनमालक आणि त्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन यांच्यावर येते.

बारा व्होल्टचे गणित

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाने येते, तर मोटारीतील आणि बहुतेक ट्रॅक्टरांतील यंत्रणा १२ व्होल्टवर चालते. व्होल्ट हे विजेच्या दाबाचे, अँपिअर हे प्रवाहाचे आणि वॅट हे या दोहोंच्या गुणाकारातून मिळणाऱ्या शक्तीचे माप होय. १००० वॅटचे उपकरण घरात सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेते, परंतु तितकीच शक्ती १२ व्होल्टवर मिळवायची झाल्यास ८० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, एकाच जाडीच्या व एकाच लांबीच्या तारेतून तितकीच शक्ती १२ व्होल्टवर नेली तर ती तार घरातल्यापेक्षा साडेतीनशेपटींहून अधिक उष्णता सोसते. घरी गीझरला चालणारी वायर मोटारीत अँप्लिफायरला का चालत नाही, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

खोक्यावर छापलेले वॅट हा या गणितातील दुसरा गोंधळ आहे. ‘पीएमपीओ’ किंवा ‘मॅक्स पॉवर’ या नावाने दिलेला आकडा क्षणिक व बहुतांशी जाहिरातीचा असतो. सतत मिळू शकणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यावरून कळते. एखादा अँप्लिफायर खरोखर १००० वॅट आरएमएस देत असेल आणि तो ‘क्लास डी’ या काटकसरी प्रकारातला, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचवणारा असेल, तर त्याला पूर्ण जोरात सुमारे १२५० वॅट पुरवावे लागतात. इंजिन चालू असताना यंत्रणेतील दाब १३.८ व्होल्टच्या आसपास धरला तर हा प्रवाह ९० अँपिअर होतो. जुन्या ‘क्लास एबी’ प्रकारातील अँप्लिफायर यापेक्षा बरीच अधिक वीज उष्णतेत घालवतो. गाण्यात ठोका आणि विराम यांची अदलाबदल सतत चालू असल्याने सरासरी प्रवाह पूर्ण जोराच्या प्रवाहाच्या सुमारे एकतृतीयांश राहतो, मात्र तार आणि फ्यूज यांची निवड ठोक्याच्या क्षणीच्या प्रवाहावरूनच करावी लागते.

तारेची जाडी आणि तिचे खरेपण

विहिरीपासून लांबच्या वावरापर्यंत अरुंद पाइपलाइन टाकली तर मोटार कितीही ताकदीची असली तरी शेवटच्या तोटीला पाणी दमानेच येते; बारीक तारेतून अँप्लिफायरपर्यंत पोहोचणाऱ्या विजेचीही तीच गत होते. बोनेटखालच्या बॅटरीपासून डिकीतील अँप्लिफायरपर्यंत सुमारे ५ मीटर तार लागते असे धरल्यास, ४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून ९० अँपिअर प्रवाह जाताना जवळजवळ २ व्होल्ट दाब वाटेतच नाहीसा होतो आणि तारेत १७० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट ०.३ व्होल्टच्या आसपास आणि उष्णता ३० वॅटच्या आत राहते. दोन व्होल्ट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, तथापि साध्या रचनेच्या अँप्लिफायरची शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे १४.४ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर त्याची शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. अशा उपाशी अँप्लिफायरवर आवाज वाढवत नेला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि शेवटी स्पीकरची कॉइल जळते. दोष मात्र स्पीकरच्या कंपनीला दिला जातो.

तयार वायरिंग किटवर तारेची जाडी पुष्कळदा अमेरिकन ‘गेज’ पद्धतीने दिलेली असते आणि तिच्यात आकडा जितका लहान तितकी तार जाड असते. ८ गेज म्हणजे सुमारे ८, ४ गेज म्हणजे सुमारे २१ आणि ‘झिरो गेज’ म्हणजे सुमारे ५३ चौरस मिलिमीटर असा हिशेब असला, तरी स्वस्त किटमध्ये जाड प्लास्टिकच्या आवरणाखाली तांबे थोडेच निघते. याखेरीज ‘सीसीए’ या नावाने मिळणारी तार ही आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा पातळ थर दिलेली असते. तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे ती वापरायचीच झाली तर तितक्या प्रमाणात जाड घ्यावी लागते. तार कापून तिच्या टोकाचे धागे चाकूने खरवडले असता तांबूस थराखाली चंदेरी धातू दिसला, की ती तांब्याची नाही हे लगेच ओळखता येते. अनेक कारागीर किटऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील वेल्डिंग केबल वापरतात. ती लवचीक आणि भरपूर छेदाची असल्याने पर्याय वाजवी आहे, परंतु वेल्डिंग केबलही ॲल्युमिनियमची मिळत असल्याने तिचीही हीच परीक्षा करणे आवश्यक ठरते.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो

अँप्लिफायरवर मूळचा फ्यूज असतोच, मग बॅटरीजवळ दुसरा कशाला, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की अँप्लिफायरचा फ्यूज अँप्लिफायरपुरता असतो, तर बॅटरीजवळचा फ्यूज बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतच्या तारेचे रक्षण करतो. इंजिनाचा कप्पा आणि चालकाची बाजू यांच्यामधील लोखंडी पडद्यातून तार आत नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवला नाही, तर पत्र्याची धार इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर आवरण घासत राहते. काही महिन्यांनी आवरण झिजून तांबे पत्र्याला टेकते आणि बॅटरीचे दोन्ही ध्रुव एकमेकांस थेट जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते. अशा वेळी साधी मोटारीची बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर प्रवाह ओतू शकते, तार काही सेकंदांत लाल होते आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक, गालिचा व इतर वायरिंग पेट घेते. अँप्लिफायरवरील फ्यूज या ठिकाणापासून कित्येक फूट पलीकडे असल्याने त्याच्यातून हा प्रवाह जातच नाही, आणि म्हणून तो उडतही नाही.

यावरून मुख्य फ्यूज बॅटरीपासून शक्यतो एक ते दीड फुटाच्या आत बसवावा, हा सर्वमान्य नियम निघतो. फ्यूजचा आकडा तार सुरक्षितपणे वाहू शकेल त्या प्रवाहापेक्षा मोठा कधीही नसावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याहून मोठा घालणे किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला रजा देण्यासारखे होय. तारेच्या टोकांना लग हातोडीने ठोकून नव्हे, तर क्रिम्पिंगच्या साधनाने दाबून बसवावेत, कारण सैल सांध्यातील रोध लहान जागेत मोठी उष्णता निर्माण करतो आणि उत्तम तारसुद्धा तेथून जळू लागते.

अर्थिंग आणि तीन तारा

वाहनात धन बाजूचा प्रवाह तारेने जातो आणि ऋण बाजूचा प्रवाह वाहनाच्या सांगाड्यातून, म्हणजे चॅसी व बॉडीतून, बॅटरीकडे परततो. जितका प्रवाह जातो तितकाच परत येत असल्याने ऋण बाजूची तारही धन बाजूइतकीच जाड असावी लागते, ती शक्य तितकी आखूड ठेवावी लागते आणि ज्या जागी ती सांगाड्याला जोडायची त्या जागेचा रंग व गंज खरवडून चकचकीत धातू उघडा करावा लागतो. बोल्ट कसल्यानंतर त्यावर ग्रीसचा किंवा रंगाचा हात दिला तर पुढे गंज चढत नाही.

मोठ्या यंत्रणेसाठी कारखान्याच्या तीन मूळ जोडण्याही सुधाराव्या लागतात : आल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन ध्रुवापर्यंतची, बॅटरीच्या ऋण ध्रुवापासून सांगाड्यापर्यंतची आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची. आल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र. ते इंजिनाला कसलेले असते आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे सांगाड्याशी त्याचा विद्युतसंबंध एका पट्टीवर किंवा वेणीदार तारेवर अवलंबून असतो. ती पट्टी जुनी, गंजलेली किंवा बारीक असेल तर डिकीपर्यंत कितीही जाड तार नेली तरी उपयोग मर्यादित राहतो. मूळ तारा न काढता त्यांच्या जोडीला जाड तारा टाकणे, आणि आल्टरनेटरकडून येणाऱ्या नव्या तारेलाही फ्यूज देणे, ही या सुधारणेची रूढ पद्धत आहे.

गाण्यामागे इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये असतो. डेक एका जागी आणि अँप्लिफायर दुसऱ्या जागी सांगाड्याला जोडलेला असून त्या दोन जागांच्या दाबात सूक्ष्म फरक असला, तर तो फरक ध्वनीच्या तारेत शिरून आल्टरनेटरचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवतो. सांधे स्वच्छ करणे आणि विजेची मुख्य तार वाहनाच्या एका बाजूने, तर ध्वनिसंकेताची आरसीए केबल दुसऱ्या बाजूने नेणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

वीज येणार कोठून

तारा कितीही सुधारल्या तरी त्या वीज निर्माण करीत नाहीत. ते काम आल्टरनेटरचे आहे. अनेक ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरच्या आसपास क्षमतेचा आल्टरनेटर असतो, म्हणजे इंजिन चांगल्या वेगात असताना त्याच्याकडून फार तर ५०० वॅट मिळतात. ऊसवाहतुकीच्या रात्री पुढचे दिवे, मागचे कामाचे दिवे आणि ट्रॉलीचे दिवे मिळून १५ अँपिअर गेले, तर ध्वनियंत्रणेसाठी सुमारे २० अँपिअर उरतात आणि त्यातून स्पीकरपर्यंत सरासरी सव्वादोनशे वॅटच पोहोचू शकतात. त्यापलीकडची सर्व वीज बॅटरीतून उचलली जाते. वजनकाट्यावर किंवा गव्हाणीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून गाणी चालू राहिली तर हा भार पूर्णपणे बॅटरीवर येतो : ८८ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी सरासरी ३० अँपिअरच्या भाराखाली दीड तासात निम्मी रिकामी होते, आणि पहाटे रांग पुढे सरकते तेव्हा स्टार्टर फिरत नाही. साधी लेड-ॲसिड बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार खोलवर रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

ठोक्यासरशी हेडलाइट मिणमिणतात तेव्हा बाजारात प्रथम कपॅसिटर सुचवला जातो. एक फॅरड क्षमतेचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर उतरेपर्यंत केवळ २६ ज्यूल ऊर्जा देतो, म्हणजे १००० वॅटचा भार तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतकाच वेळ पेलतो. त्याने मिणमिणणे थोडे सौम्य होईल, पण विजेची कमतरता भरून निघणार नाही. खरा उपाय आधी तारा व अर्थिंग सुधारण्याचा, मग गरजेनुसार अधिक क्षमतेचा आल्टरनेटर बसवण्याचा आणि शेवटी, इंजिन बंद असतानाही ऐकायचेच असेल तर, दुसरी बॅटरी जोडण्याचा आहे. ही दुसरी बॅटरी आयसोलेटरमार्फत, म्हणजे इंजिन बंद होताच दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणाऱ्या साधनामार्फत जोडली, तर स्टार्टरची बॅटरी शाबूत राहते.

फडातली वाहने आणि नव्या मोटारी

शहरातील मोटारीपेक्षा फडात जाणाऱ्या ट्रॅक्टरचे वायरिंग अधिक हाल सोसते. स्प्रिंगांशिवायची धडधड, उसाची कूस, धूळ, मार्चनंतरचे ऊन आणि रात्री उभ्या वाहनात शिरणारे उंदीर यांपुढे उघडी तार फार काळ टिकत नाही. त्यातच बॅटरीच्या खोक्याभोवती वाळलेले पाचट अडकून राहिले तर सैल टर्मिनलवरील एखादी ठिणगीही पुरेशी ठरते. म्हणून येथे तारा नालीदार पाइपमधून नेणे, दर हातभर अंतरावर क्लिपने बांधणे, बॅटरीच्या धन ध्रुवावर रबरी टोपण ठेवणे आणि पाचट रोज झाडून काढणे, ही कामे अँप्लिफायरच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरतात.

नव्या मोटारींचा प्रश्न वेगळा आहे. अनेक मोटारींत बॅटरीच्या ऋण ध्रुवावरच प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि संगणक त्यावरून आल्टरनेटरला कमीअधिक वीज तयार करण्याची आज्ञा देतो. अशा मोटारीत अँप्लिफायरची ऋण तार थेट ध्रुवाला जोडली तर तिचा प्रवाह सेन्सरच्या हिशेबातून निसटतो, म्हणून ती सांगाड्याला जोडणे योग्य. विद्युत आणि हायब्रिड मोटारींतील नारिंगी आवरणाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात व त्यांना अनधिकृत हात लागणे प्राणघातक ठरू शकते. कोणत्याही मोटारीत मूळ वायरिंग कापून केलेल्या जोडणीमुळे वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, तर मागाहून बसवलेल्या विद्युत उपकरणांना विमासंरक्षण हवे असल्यास त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून अतिरिक्त हप्ता भरावा लागतो.

आवाजाची मर्यादा

ध्वनीच्या गणितात एक विलक्षण काटकसर दडलेली आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. ५०० वॅटवरून १००० वॅटवर जाणाऱ्याचा विजेचा भार दुप्पट होतो, कानाला मात्र फरक जेमतेम जाणवतो. उलट तितक्याच पैशात चांगल्या तारा आणि अधिक कार्यक्षम स्पीकर घेतले तर आवाज अधिक मोकळा व स्वच्छ येतो. दीर्घकाळ ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होते, आणि रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न डबल ट्रॉली ओढणाऱ्या चालकाला ऐकू न येणे हा त्याहून तातडीचा धोका आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी लागते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे, आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबाबत राज्य शासनाला सविस्तर आदेश दिले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. बॉडी कापून स्पीकरची भिंत उभारणाऱ्यांनी हे कलम अवश्य पाहावे.

तात्पर्य, ध्वनियंत्रणेवरील खर्चाचा क्रम उलटा करण्याची गरज आहे. प्रथम आल्टरनेटर खरोखर किती वीज शिल्लक ठेवतो ते मोजावे, त्यात बसेल इतकाच अँप्लिफायर निवडावा, त्याच्या प्रवाहाला पुरेल अशी तांब्याची तार आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज घ्यावा, आणि उरलेल्या पैशात स्पीकर घ्यावेत. काम पूर्ण झाल्यावर गाणे मोठ्याने चालू ठेवून बॅटरीच्या ध्रुवांवरील आणि अँप्लिफायरच्या टर्मिनलवरील दाब मल्टिमीटरने मोजावा. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर काम पुन्हा करून घ्यावे. गळीत हंगामाआधी ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला लावताना ही तपासणी पंधरा मिनिटांत होते, आणि बॅटरीजवळ फ्यूज नसलेली तार दिसली तर तो बसेपर्यंत ती जोडणी सोडवून ठेवणे हेच प्रत्येक वाहनमालकाच्या हिताचे आहे.